तुम्ही विचारलंत म्हणून: ड्युएन गेल्यानंतरचा अल्बम

ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: गिटारवाला ड्युएन ऑलमन गेल्यावर त्या बँडमध्ये ऐकण्यासारखं उरलं काय, आणि तुम्ही सारखा तो १९७३चा ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’च का लावता?

पियानोसाठी.

ड्युएन २९ ऑक्टोबर १९७१ला जॉर्जियातल्या मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. वय २४. त्याची आणि डिकी बेट्सची गिटार जोडीने चालायची, तीच बँडची ओळख. दुसरा कोणी असता तर नवा गिटारवाला शोधत सुटला असता. यांनी वर्षभराने माणूस घेतला तो पियानोवर: चक लीव्हेल, जेमतेम विशीतला पोरगा. ड्युएनशी तुलना व्हायचा प्रश्नच मिटला. मला हा निर्णय भारी वाटतो.

रेकॉर्डिंग चालू असतानाच, ११ नोव्हेंबर १९७२ला, बास वाजवणारा बेरी ओकलीही गेला. त्याच गावात, तसाच मोटरसायकलवरून, ड्युएनच्या अपघाताच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. दोन गाण्यांत तो आहे. पुढचा बास लामार विल्यम्सचा.

आता याच अल्बममधलं ‘जेसिका’ नीट ऐका. साडेसात मिनिटं, शब्द एकही नाही. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं आगीत निकामी झाली होती. त्याला मानवंदना म्हणून डिकीने दोनच बोटांत बसेल अशी धून बांधली आणि नाव दिलं आपल्या चिमुरड्या लेकीचं. मुख्य चाल गिटार आणि कीबोर्ड मिळून वाजवतात, म्हणजे जिथे एरवी दुसरी गिटार असती नेमकं तिथेच. मग डिकी थांबतो आणि लीव्हेल सुटतो. डिकीचा सोलो त्याच्यानंतर येतो. घरच्या मालकाने नव्याला आधी पान वाढावं, तसं.

हो, याच अल्बममधल्या ‘रॅम्ब्लिन मॅन’च्या शेवटी गिटारींची जोडी आहे, पण तिथे लेस डुडेक पाहुणा. हे सरळसरळ कंट्री गाणं बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बम पहिल्या. ‘जेली जेली’ मात्र मला लांबलेलं वाटतं, पटणार नाही कोणाला, चालेल.

ड्युएन ऐकायचाच असेल तर १९७१चं, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातलं बँडचं लाइव्ह रेकॉर्डिंग आहेच. ते आधी ऐका, मग ‘जेसिका’ लावा, आणि सांगा दुसरी गिटार हवीशी वाटली का.