तुम्ही विचारलेत म्हणून: मोठ्या शिकारीसाठी कोणते काडतूस?

नाशिकमध्ये रायफल नेमबाजी शिकवत असल्यामुळे मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुतेक जण आता नाशिकमध्ये राहत नाहीत. माझ्याकडे एअर रायफल शिकलेली मुले नोकरीनिमित्त कोलोरॅडोत, अल्बर्टात किंवा स्वीडनमध्ये स्थायिक होतात, तिथे शिकारीचा रीतसर परवाना काढतात आणि दिवाळीच्या शुभेच्छांसोबत विचारतात, ‘सर, एल्कसाठी कोणते काडतूस घेऊ?’ (एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतले मोठे हरीण.) इथल्या वाचकांसाठी आधीच स्पष्ट करतो की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात हौशी शिकार उरलेली नाही. निफाडच्या उसात बिबट्या दिसला तर तो वनखात्याचा विषय आहे, घरातल्या .३१५ रायफलीचा (हा आकडा नळीचा व्यास, इंचांत) नव्हे.

परदेशातल्या विद्यार्थ्यांना मात्र मी नेहमी एकच सांगतो, की काडतुसाच्या नावापासून सुरुवात करू नका, गोळीपासून करा. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी, असे काडतूस बनलेले असते. त्यातले जनावरापर्यंत पोहोचते ते फक्त गोळी. पूर्ण वाढलेला नर एल्क साधारण ३०० ते ३५० किलोचा असतो. त्याची जाड कातडी, बरगडी आणि प्रसंगी खांद्याचे हाड भेदून गोळीला फुप्फुसांपर्यंत जायचे असते, आणि वाटेत तिचे तोंड उमलायचे असते, पण तिचे तुकडे होता कामा नयेत. साध्या गोळीत शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ आवरण असते. अशी गोळी फार वेगाने जवळच्या जनावराच्या हाडावर आदळली की वरच्या वर फुटते. जखम रुंद होते पण उथळ राहते, आणि जनावर जखमी अवस्थेत मैलभर निघून जाते.

याचे प्रसिद्ध उदाहरण १९४६ चे आहे. जॉन नॉस्लर हा अमेरिकन शिकारी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या, म्हणजे एल्कहूनही मोठ्या हरणाच्या, शिकारीला गेला होता. त्याच्या हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाची रायफल होती, त्यामुळे ताकदीची कमतरता मुळीच नव्हती. तरीही चिखलाने माखलेल्या त्या जनावरात त्याच्या गोळ्या पुरेशा खोल गेल्या नाहीत. परत आल्यावर त्याने पुंगळी बदलली नाही, गोळी बदलली. तिच्या मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत ठेवली, जेणेकरून पुढचा भाग उमलेल आणि मागचा अखंड राहून आत शिरत जाईल. पार्टिशन नावाची ती गोळी आजही विकली जाते. आता गाभा आवरणाला चिकटवलेल्या किंवा संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही मिळतात, आणि कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर बंदीच आहे.

गोळी ठरली की अंतराचा प्रश्न येतो. या गोळ्या उमलण्यासाठी आदळताना त्यांचा वेग साधारणपणे सेकंदाला १८०० ते २००० फूट तरी असावा लागतो. थर्टी-ओ-सिक्स (.३०-०६) हे १९०६ चे काडतूस १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅमची गोळी २७०० फूट वेगाने फेकते, आणि ३०० यार्डांवर तिच्याकडे साधारण २१०० फूट वेग शिल्लक असतो. त्याच वजनाची गोळी .३०० विंचेस्टर मॅग्नममधून सुमारे २९५० फुटांनी निघते आणि तोच २१०० फुटांच्या आसपासचा वेग तिच्याकडे ४०० यार्डांवर उरतो. मॅग्नमचे सारे कौतुक या शंभर यार्डांत सामावलेले आहे. ते शंभर यार्ड तुम्हाला हवेत का, हे स्वतःला विचारावे. कारण ज्याच्या गोळ्या गुडघ्यावर बसून २०० यार्डांवर ताटलीएवढ्या वर्तुळात पडत नाहीत, त्याला ४०० यार्डांवरचा वेग काय कामाचा?

या शंभर यार्डांची किंमत खांदा मोजतो. सारख्या वजनाच्या रायफलीत मॅग्नमचा धक्का थर्टी-ओ-सिक्सपेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त असतो, आणि धक्क्याच्या धास्तीने माणूस घोडा दाबण्याआधीच डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो. हे कोणी कबूल करत नाही, म्हणून मी एक परीक्षा सुचवतो. मित्राला तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांबरोबर एखादे नकली काडतूस भरायला सांगा. त्यावर घोडा पडला की नुसती ‘टक्’ होते आणि नळीचे तोंड खाली झुकताना सगळ्यांना दिसते. मुलीकडे कोलोरॅडोला गेलो असताना तिथल्या रेंजवर चांगले धिप्पाड गडी या परीक्षेत लाल झालेले पाहिले आहेत.

मग लहान काडतूसच पुरे, असे म्हणत कोणीतरी हटकून बेल या जुन्या काळच्या हस्तिदंत-शिकाऱ्याचे नाव काढतो. ‘करामोजो’ बेलने आफ्रिकेत .२७५ रिग्बीसारख्या लहान काडतुसाने शेकडो हत्ती मारले, हे खरे आहे. पण तो न उमलणाऱ्या, लांब आणि सडपातळ गोळ्या वापरी, आणि हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता. त्याचे काडतूस उसने घेता येते, तो अभ्यास घेता येत नाही. आफ्रिकेतल्या रानरेड्यासारखे अंगावर येणारे जनावर असेल तर वाद घालू नये, १९१२ चे .३७५ एच अँड एच घ्यावे, आफ्रिकेतील अनेक देशांत अशा शिकारीसाठी तीच किमान मर्यादा मानतात.

कायद्याची किमान मर्यादा मात्र शिफारस समजू नये. कोलोरॅडोत एल्कसाठी ६ मिलिमीटरची नळी आणि ८५ ग्रेनची गोळी कायद्याला पुरते. माझ्या मते अनुभवी हाताखेरीज कोणी तिच्या वाटेला जाऊ नये. उलट स्वीडनमध्ये १८९४ चे ६.५ × ५५ हे मऊ धक्क्याचे काडतूस लांब, जड गोळीच्या जोरावर मूससाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याला मी दुसरे काही सुचवत नाही.

एल्कसाठी विचाराल तर १६५ ग्रेनची, गाभा चिकटवलेली गोळी असलेले .३०८ विंचेस्टर किंवा १८० ग्रेनचे थर्टी-ओ-सिक्स, यांपैकी जे तुमच्या गावच्या दुकानात नेहमी मिळते ते घ्या. विमानातून काडतुसे माणशी पाच किलोपर्यंतच नेता येतात, आणि सामान हरवले तर आडगावच्या दुकानात हीच दोन नक्की सापडतात. एकाच लॉटची पुरेशी खोकी एकदम घ्या आणि नेम त्याच काडतुसांवर २०० यार्डांना बसवा, कारण गोळी किंवा तिचे वजन बदलले की तीच रायफल दोन-तीन इंच बाजूला मारू लागते.