काळी पाच

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नोव्हेंबर महिना, आमच्या चर्चच्या क्वायरची, म्हणजे गाणाऱ्या मंडळींची, नाताळची प्रॅक्टिस चालू झालेली, मी नेहमीसारखी पेटीवर, आणि क्वायरचे सर एकदम सहज बोलल्यासारखं बोलले की यंदा मधलं सोलो गीत हिला देऊ या. ही म्हणजे वर्षभरापूर्वी लग्न होऊन नगरला आलेली मुलगी. ते गीत अकरा वर्षं मी म्हणत होते. मी लगेच म्हणलं, "हो हो, किती गोड आवाज आहे तिचा," आणि पेटीचा भाता जरा जोरातच ओढला.

घरी आल्यावर भांडी थोडी आपटली गेली असणार, कारण आतून ह्यांचा आवाज, "काय गं, पोटात दुखतंय का?" त्यांना बिचाऱ्यांना खरंच पोटाचंच विचारायचं होतं. मी ओवा खाल्ला.

आता एक सांगते, आपल्या ख्रिस्ती लोकांचा हेवा जरा हुशार असतो. आपण उघड जळत नाही, आपण प्रार्थनेचा विषय देतो. त्या बुधवारी महिला मंडळात मी चक्क तिचं नाव घेऊन प्रार्थना केली की प्रभू, हिला नम्रता दे. सगळ्या बायकांनी आमेन म्हणलं आणि घरी जाताना सगळ्यांच्या डोक्यात एकच, अरेच्चा ही गर्विष्ठ आहे वाटतं. खरं तर ती इतकी नम्र की प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालायची. पण मला तिच्यात काहीतरी खोट पाहिजेच होती, नुसताच हेवा केला तर आपण वाईट ठरतो ना, समोरचा वाईट असला म्हणजे मग आपला तो धार्मिक संताप.

पण खरी गोष्ट ही नाहीच, खरी गोष्ट पुढे आहे आणि ती लिहायला मला दोन वर्षं लागली.

माझा आवाज काळी पाचचा, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा माझा सा. ते गीत आम्ही कायम काळी पाचमध्येच घ्यायचो कारण म्हणणारी मी होते. तिची पट्टी काळी चार, माझ्याहून खालची, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पेटी वाजवणाऱ्याला कळतंच ते. अंतऱ्यात वर जाताना तिची मान ताणली जायची, शिरा दिसायच्या. सरांच्या लक्षात नाही आलं, तिला स्वतःला पट्टीबिट्टीचं काही कळत नव्हतं, सांगू शकणारी फक्त मी होते. मी काही बोलले नाही. पाच आठवडे मी काळी पाच वाजवत राहिले. खोटं बोलले का? नाही. तिचं काही वाईट केलं का? तसं म्हणलं तर नाही. नुसती बोटं नेहमीच्या जागी ठेवली.

२५ तारखेच्या उपासनेत चर्च भरलेलं, मुंबई पुण्याहून सणाला आलेली माणसं, दारापर्यंत खुर्च्या, आणि दुसऱ्या अंतऱ्याला तिचा आवाज फाटला. पूर्ण फाटला. मागच्या बाकावरची पोरं हसली. आणि मला, एक सेकंदच, पण बरं वाटलं. पुढचं लिहायची लाज वाटते पण लिहिते, उपासना झाल्यावर ती केक घ्यायला न थांबता सरळ माझ्याकडे आली, डोळे भरलेले, आणि म्हणते, "ताई सॉरी, तुम्ही एवढं छान वाजवत होता आणि मी सगळं घालवलं."

त्या दिवशी मला मटण गेलं नाही.

मग जानेवारीपासून मी रोज रात्री प्रार्थना करायला लागले की प्रभू माझ्या मनातला हेवा काढून टाक. काही फरक नाही. उलट वाढला. नंतर लक्षात आलं की प्रार्थनेच्या नावाखाली मी रोज रात्री अर्धा तास तिचाच विचार करत बसले होते, बाकी काही नाही. वचनं मला पाठ होती, बायबलातला १ करिंथ १३ तर शब्बाथशाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गापासून पाठ, प्रीती हेवा करत नाही, पण पाठ असलेली वचनं अंगावरून पाण्यासारखी जातात.

चिकटली ती बायबलातल्या शौल राजाची गोष्ट. शौल दाविदावर का जळला हे सगळ्यांना माहीत असतं, बायकांनी गाण्यात म्हणलं की शौलाने हजारो शत्रू मारले आणि दाविदाने दहा हजारो, म्हणून. पण त्याच्या दोन अध्याय आधी काय आहे बघा, शौलाचा जीव घाबरा व्हायचा तेव्हा दावीद वीणा वाजवायचा आणि त्याला बरं वाटायचं. आणि पुढे भाला फेकला तोही दावीद वीणा वाजवत असतानाच! ज्या वाजवण्याने बरं वाटतं त्याच्यावरच भाला. माझ्या आत्याच्या मातीला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कबरीपाशी हीच मुलगी गायली होती आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते. नोव्हेंबरपर्यंत विसरले पण.

गुड फ्रायडेची तीन तासांची उपासना. पाळकसाहेब मत्तय २७ वाचत होते आणि १८ वं वचन आलं, की येशूला हेव्यामुळे धरून दिलंय हे पिलाताला माहीत होतं. लहानपणापासून दरवर्षी ऐकलेलं, कधी कानात थांबलं नव्हतं. परक्या सुभेदाराला पाच मिनिटांत कळलं की हे धर्माचं प्रकरण नाही, पोटदुखी आहे. आणि ते लोक मंदिरातले, शास्त्र पाठ असलेले, आमच्यासारखेच की.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले आणि सांगितलं. पट्टीचं सगळं. मला वाटत होतं ती रडेल, गळ्यात पडेल, आपण दोघी प्रार्थना करू. तसलं काही झालं नाही. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मला वाटलं माझा आवाजच गेला. मी घरात पण गायचं बंद केलंय." आणि चहा न करता उठली. पुढे दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. बरोबरच होतं तिचं.

पाळकसाहेबांच्या मिसेसना सांगितलं तर त्या म्हणाल्या आता तिच्यासाठी नम्रता मागू नको, तिची पट्टी लावून दे. एवढंच. मग रविवारी उपासनेनंतर मी पेटी उघडून बसायचे आणि ती आली तर काळी चार, नाही आली तर बंद. तिसऱ्या रविवारी आली.

मधल्या काळात मी आसाफाच्या मागे लागले होते. स्तोत्र ७३ लिहिणारा आसाफ, जो सरळ कबूल करतो की मला हेवा वाटला आणि माझा पाय घसरता घसरता राहिला, आणि पुढे म्हणतो की देवा, मी तुझ्यापुढे नुसता पशू होतो. हा आसाफ कोण, तर पुढे राजा झालेल्या त्याच दाविदाच्या क्वायरचा मुख्य, झांजा वाजवणारा! म्हणजे आमच्यातलाच. आणि तो शोधता शोधता मी बायबलातल्याच १ इतिहास २५ ला पोचले, जो अध्याय आपण सगळे नावांची यादी म्हणून सोडून देतो. तिथे २८८ शिकलेले गवई आहेत, त्यांचे २४ गट, आणि कुणाची पाळी कधी हे कसं ठरवलं तर चिठ्ठ्या टाकून. लहान मोठा, गुरू शिष्य, सगळे एकाच रांगेत. मला हसूच आलं, म्हणजे तेव्हाही सोलोवरून भांडणं होत असणार, त्याशिवाय कोण चिठ्ठ्या टाकतं.

आणि "माझं गीत" म्हणजे तरी काय हो? उपासना संगीत हे आमचं गीतांचं पुस्तक उघडा, जागोजागी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव. ते १९१९ ला गेले, येशूच्या जीवनावरचं त्यांचं अपुरं राहिलेलं काव्य ख्रिस्तायन त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, त्यांची गीतं आजपर्यंत कुणीही कशीही म्हणतंय, आमच्यासारखे पट्टी सोडूनसुद्धा. मी अकरा वर्षं म्हणलं तर सातबारा माझ्या नावावर झाला काय.

हेवा पूर्ण गेला असं म्हणणार नाही. तिचा व्हिडिओ ग्रुपवर आला की अंगठे किती आले ते मी अजून मोजते, आणि कॅनडातल्या चुलत बहिणीच्या किचनचे फोटो हे तर वेगळंच प्रकरण आहे, त्यावर परत कधीतरी. पण मोजून झालं की मी पण एक अंगठा देते.

गेल्या नाताळला मी सरांना १ इतिहास २५ दाखवला आणि म्हणलं चिठ्ठ्या टाकू. सर आधी हसले, मग तयार झाले. एका कॅरीबॅगमध्ये चौदा चिठ्ठ्या, मला वाटलं आता तिची तरी निघेल नाहीतर माझी. निघाली ती बारावीतल्या एका पोराची, जो क्वायरमध्ये फक्त चहा बिस्किटासाठी येतो असं आमचं सगळ्यांचं मत होतं. तिने आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींना एकदमच हसू फुटलं. मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी त्याला घेऊन बसायचो, मी एक एक पट्टी दाबत होते आणि ती त्याच्याबरोबर सूर लावून बघत होती, काळी एक नाही, काळी दोन नाही, पांढरी चार बघू या का गं?