तुम्ही विचारलंत म्हणून: आडनिड्या मापाच्या फिशटँकला दिवा कुठला?

प्रश्न साधारण असा असतो: "टाकी ७७ सेंटीमीटर लांब आहे. जुना दिवा गेला. त्या मापाचा दुसरा मिळत नाही आणि मिळतो तो परवडत नाही. काय लावू?" कधी टाकी षटकोनी असते, कधी कोपऱ्यात बसणारी, तर कधी पुढची काच गोलसर. आमचं उत्तर मात्र एकच असतं. टाकीच्या लांबीचा दिवा शोधू नका. पाणी किती, ते किती खोल आणि त्यात काय वाढवायचंय, एवढ्यावरून दिवा ठरवा.

आधी मोजमाप. टेप काचेच्या आतून लावा आणि उंची वाळूपासून पाण्याच्या पातळीपर्यंतच घ्या. समजा आतली लांबी ७६, रुंदी ३१ आणि पाणी ३० सेंटीमीटर आहे. तिन्हींचा गुणाकार करून १००० ने भागलं की सुमारे ७० लिटर येतात. नुसते मासे किंवा अनुबियास, जावा फर्न अशी सावलीत जगणारी झाडं असतील तर लिटरमागे १० ते २० लुमेन (दिवा एकूण किती प्रकाश देतो त्याचं माप) पुरतात. बाकीच्या साध्या झाडांना २० ते ४० लागतात. त्याहून जास्त प्रकाश फक्त झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्यांनी द्यावा, नाहीतर झाडांऐवजी शेवाळच माजतं. ही मापं ढोबळ आहेत. पाणी ४५ सेंटीमीटरपेक्षा खोल असेल तर दोन आकड्यांतला मोठा धरा. वॅटवरून प्रकाश ठरवायची सवय मात्र सोडा. ती जुन्या ट्यूबच्या काळातली आहे. एलईडीत तेवढ्याच वॅटला कमी-जास्त लुमेन मिळतात, म्हणून खोक्यावर लुमेनच वाचा.

रंगासाठी ६५०० केल्विनचा पांढरा प्रकाश घ्या आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ८० च्या वर असू द्या. गोड्या पाण्यातली झाडं त्यावर उत्तम वाढतात. जांभळट 'ग्रो लाइट'साठी वेगळा खर्च करू नका. त्यात माशांचे रंगही विचित्र दिसतात.

सगळ्यात कमी खटपटीचा मार्ग म्हणजे ६० सेंटीमीटरचा तयार दिवा, बाजूचे पाय ओढून लांब करता येतील असा. ७७ च्या टाकीवर दोन्ही टोकांना साडेआठ सेंटीमीटर पट्टा थोडा अंधुक राहतो. तिथे अनुबियास लावा, माशांनाही आडोसा होतो. घेण्यापूर्वी पाय पूर्ण ओढल्यावर किती लांब जातात आणि त्यांच्या खाचेत तुमची काच बसते का, एवढं तपासा.

उंच षटकोनी टाकीला पट्टीसारखा दिवा शोभतही नाही आणि पुरतही नाही. तिथे मधोमध वरून ३० ते ४० अंशांच्या झोताचा एलईडी स्पॉट बल्ब टांगावा. साध्या गोल बल्बचा बराचसा प्रकाश खोलीत सांडतो. कुठलाही एलईडी बल्ब बंद झाकणात कोंबू नका. त्याचं सर्किट बुडाशी असतं, ते तापून लवकर जातं.

नेमकं माप हवं असेल तर मात्र १२ व्होल्टच्या एलईडी स्ट्रिपसारखं दुसरं काही नाही. मीटरला ६० दिव्यांची ५०५० (५ बाय ५ मिलिमीटर दिव्यांची) स्ट्रिप दर तीन दिव्यांवर, म्हणजे दर ५ सेंटीमीटरवर कापता येते. आधी मोजलेल्या ७० लिटरच्या टाकीसाठी ७० सेंटीमीटरचे तीन तुकडे घ्या. एकूण २.१ मीटर, मीटरला १४.४ वॅट धरून सुमारे ३० वॅट. बऱ्या स्ट्रिपचे मीटरला १००० लुमेन धरले तर २१०० मिळतात, म्हणजे लिटरला ३०. करंट अडीच अँपिअर होतो. त्यावर पाव भाग राखीव धरला तर तीनच्या वर जातो, म्हणून अ‍ॅडॉप्टर ५ अँपिअरचा घ्या. नेमका अडीचचा घेतला तर तो सतत तापून मरतो.

तुकडे एकापुढे एक न जोडता तिन्हींच्या तारा थेट अ‍ॅडॉप्टरकडे आणा, म्हणजे शेवटचे दिवे मंद होत नाहीत. दाबून बसवायचे कनेक्टर दमटपणात गंजतात, म्हणून जोड सोल्डरचाच करा. त्यावर सिलिकॉन लावायचं तर न्यूट्रल प्रकारचं लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काचेला चांगलं, पण तांब्याला खातं. स्ट्रिप अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलवरच (पन्हाळीसारख्या पट्टीवर) चिकटवा. लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर उष्णता बाहेर पडत नाही, काही महिन्यांत दिवे पिवळे पडतात आणि मागचा गोंदही सुटतो. ३१ सेंटीमीटर रुंदीत तीन ओळी सात-आठ सेंटीमीटर अंतरावर ठेवा. पुढची काच गोलसर असेल तर स्ट्रिप त्या वळणावर आडवी वाकवू नका, आतला तांब्याचा पट्टा तुटतो. मागे लांब आणि पुढे आखूड असे सरळ तुकडे लावा.

सगळं काचेच्या झाकणाच्या वर ठेवा. मग वाफ दिव्यापर्यंत पोचत नाही. झाकणावर क्षारांचा थर साचतो आणि प्रकाश अडवतो, तो दर आठवड्याला पुसा.

जुन्याच हूडमध्ये (ट्यूब बसवलेल्या झाकणात) एलईडी ट्यूब बसवायची असेल तर थांबा. लांबी जुळली तरी आतला चोक बघावा लागतो. साधा चोक आणि स्टार्टर असेल तर अनेक ट्यूबसोबत येणारा खास स्टार्टर जुन्याच्या जागी लावून काम होतं. इलेक्ट्रॉनिक चोक असेल आणि ट्यूब त्यासाठी बनवलेली नसेल, तर चोक सर्किटमधून काढावा लागतो. त्यातही काही ट्यूबना वीज एका टोकाला द्यायची असते, काहींना दोन्ही. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

अ‍ॅडॉप्टर पाण्याच्या पातळीच्या वर, टाकीपासून लांब टांगा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या खालच्या वळणावरून टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. इथे पैसे वाचवू नका.

पहिले दोन आठवडे डिमरने अर्धा प्रकाश ठेवा आणि टायमरवर सहा तास. झाडं नवी पानं काढू लागली की हळूहळू वाढवत आठ तासांवर न्या. काचेवर हिरवी किंवा तपकिरी पुटं भराभर धरू लागली तर दिवा बदलू नका, आधी एक तास कमी करून आठवडाभर बघा.