तीन चाकांवरून लासिथीच्या पठारावर

"टेम्पोतच बसायचं होतं तर बाड्यावरून मुरारला जायचं, त्यासाठी ग्रीसला कशाला गेलात?" फोटो बघून वन्संनी पहिला प्रश्न हा विचारला. ग्वाल्हेरात तीन चाकं म्हटली की विक्रम टेम्पोच आठवतो, त्यामुळे मी काही बोलले नाही. फोटोत मागच्या दोन खुर्च्यांवर आम्ही दोघं हेल्मेट घालून बसलोय, पुढे दाढीची वेणी घातलेला धिप्पाड गाइड, त्याच्याही पुढे लांब फोर्क आणि एकुलतं एक चाक. तिकडे याला ट्राइक म्हणतात.

बेत लेकीचा. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, मोटरसायकल सुटली आहे. पण राजदूतवर शिवपुरीला जाऊन येणारा माणूस काचा बंद केलेल्या एसी बसमधून डोंगर बघायला तयार होईना. मग ग्रीसच्या क्रीट बेटावर ही गाडी सापडली, डोंगरातल्या लासिथी पठारापर्यंत नेणारी. चालवणारा तिथलाच आणि सगळी माहितीही तोच सांगतो. आपण फक्त बसायचं.

समुद्रकाठच्या स्तालिदाहून मोखोस गावाकडे चढ सुरू होतो आणि लगेच वळणं. मोटरसायकल वळणावर आत झुकते. ट्राइक झुकत नाही, ती हँडल फिरवूनच वळवावी लागते आणि बसणारा बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. हे जुन्या सवयीने आत झुकायचे, गाडी त्यांना उलटीकडे लोटायची आणि दर वळणाला त्यांचा खांदा माझ्यावर. मोखोसपर्यंत मी वैतागले होते, पुढे हसू यायला लागलं. एका गल्लीत समोरून बकऱ्या भरलेला पिकअप आला. गाइडने शांतपणे रिव्हर्स गिअर टाकला आणि गाडी मागे घेतली. ट्राइकला रिव्हर्स असतो हे बघून ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मनातल्या मनात त्यांनी ती विकतच घेतली.

क्रासी गावात एक अवाढव्य चिनार आहे. वय दोन हजार वर्षं, असं गावकरी सांगतात. समोरच दगडी कमानींचा झरा. तिथे कॉफी प्यायलो. तळाशी गाळ बसतो, शेवटचा घोट घ्यायचा नसतो. पारावर बसलेले म्हातारे आमच्याकडे टक लावून बघत होते. उघड्या गाडीत लोकांना आपणही दिसतो, बसच्या काचेमागून ते कळत नाही.

पुढे केराचा मठ. तिथल्या मेरीच्या चित्राची गोष्ट गाइडने रंगवून सांगितली. तुर्कांनी ते पळवून इस्तंबूलला नेलं, ते आपणहून परत आलं. शेवटी साखळीने खांबाला बांधून ठेवलं, तर खांब आणि साखळीसकट परत आलं, म्हणे. ती साखळी अजून आत आहे, दुखणं जावं म्हणून बायका ती अंगाला लावतात. मीही कंबरेला लावून घेतली. विचारायला कोण येतंय!

खिंडीत दगडी पवनचक्क्यांचे अवशेष ओळीने उभे आहेत. या दळणाच्या. एकाच दिशेच्या वाऱ्याकडे तोंड करून बांधलेल्या, वारा फिरला की चक्की बंद. खिंड ओलांडली आणि खाली लासिथीचं पठार दिसलं. सुमारे ८४० मीटर उंचीवर चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेली सपाट, हिरवी जमीन. पलीकडे २१४८ मीटरचा दिक्ती पर्वत. गावं सगळी कडेकडेने, मधे फक्त शेती. चांगली जमीन घरांखाली घालवायची नाही आणि बर्फ वितळलं की मधे पाणीही साचतं. ते पाणी व्हेनिसच्या राजवटीत खोदलेल्या सरळ चरांमधून पश्चिमेच्या एका विवरात जातं आणि जमिनीखाली गडप होतं. त्याच व्हेनिसने आधी तेराव्या शतकात बंडखोरांना आसरा मिळतो म्हणून इथली शेती आणि वस्तीच बंद पाडली होती.

इथून पुढे ट्रिप ह्यांची झाली. सगळी नोकरी पीएचईत, म्हणजे पाणीपुरवठा खात्यात, तिघरा धरणाच्या पाण्याची काळजी करण्यात गेली. शेतांत जागोजागी लोखंडी सांगाडे, वर गोल चक्रं. ही पाणी उपसणारी पवनचक्की. एकेकाळी इथे अशा हजारो होत्या, आऱ्यांना त्रिकोणी पांढरी शिडं बांधलेल्या. डिझेलचे आणि विजेचे पंप आले आणि शिडं उतरली. गाइडला फोटोसाठी थांबायचं होतं, ह्यांना विहिरीत डोकवायचं होतं.

बटाटे काढणारा एक शेतकरी आला. वयाने ह्यांच्याएवढाच, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्याने चक्राचा दांडा हाताने फिरवून दाखवला. क्रँक फिरला की सळई वरखाली होते, नळीतला दट्ट्या पाणी उचलतो आणि ते टाकीत पडतं. वारा वाढला तर शिडं आऱ्यांना गुंडाळून लहान करायची. एवढं समजायला दुभाषा लागला नाही. गाइडने दोनदा हॉर्न वाजवला, मग तोही येऊन बघत बसला. त्याच्या आजोबांच्या शेतातही अशीच होती. हे त्याने तोवर सांगितलंच नव्हतं, मठाच्या गोष्टीत एवढा वेळ घालवला तरी.

जेवण त्सेर्मियादोत. जवाच्या कडक टोस्टवर टोमॅटो, ताजं चीज आणि ऑलिव्ह तेल, म्हणजे डाकोस. सोबत लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी. शाकाहारी माणसाचं पोट भरतं. रक्कम चुकती केल्यावर फुकटची राकी, म्हणजे तिकडची द्राक्षांची कडक दारू येते, ती न मागताच येते आणि नको म्हटलं तर मालकाचं तोंड उतरतं. ह्यांनी दोघांची घेतली.

कुणाला जायचं असेल तर सप्टेंबरमध्येही वर गार वारा असतो, जाकीट न्या. ओढणी, साडी अजिबात नको, मागची चाकं बसायच्या जागेला लागूनच असतात. पंजाबी ड्रेस घालायचाच तर ओढणी डिकीत ठेवा. आणि नवऱ्याची नोकरी पाणीपुरवठ्यात झाली असेल, तर गाइडला आधीच सांगा की पठारावर वेळ जास्त लागेल.