चोर, पोलीस आणि घरची मंडळी

‘ग्वार्दिए ए लाद्री’ म्हणजे आपलं चोर-पोलीसच. स्टेनो आणि मारिओ मोनिचेल्ली या जोडीचा १९५१चा हा इटालियन सिनेमा. त्याचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो पाठलाग. पुढे काटकुळा भुरटा एस्पोझितो, म्हणजे विनोदी नट तोतो. मागे आल्दो फाब्रित्सींचा गलेलठ्ठ जमादार बोत्तोनी. पळता पळता रोम मागे पडतं, दोघांचाही दम संपतो आणि मग मधे थोडं अंतर राखून, धापा टाकत, वाटाघाटी सुरू होतात. शेवटी चोर निसटतोच.

पण माझा जीव अडकतो तो त्यानंतरच्या भागात. एस्पोझितोने एका अमेरिकन पाहुण्याला रोमन फोरममध्ये, म्हणजे रोममधल्या प्राचीन अवशेषांच्या जागी, खोटं प्राचीन नाणं विकलेलं असतं, आणि हा पाहुणा निघतो गरिबांना मदत वाटणारा बडा माणूस. त्यामुळे प्रकरण तापतं. बोत्तोनीला मुदत मिळते: तीन महिन्यांत चोर आणा, नाहीतर नोकरी गेली. हे तो घरी सांगत नाही. आता गंमत बघा, चोराच्या घरीही बाप काय करतो हे झाकलेलंच. चोर शोधायला बोत्तोनी त्याच्या घरच्यांशी ओळख वाढवतो आणि बघता बघता दोन्ही घरांचं येणं-जाणं सुरू होतं. बोत्तोनीची मुलगी आणि चोराचा मेहुणा यांचं जुळतं म्हणजे तर कळसच!

तुरुंगाचं भय दोघांपैकी कुणालाच फारसं वाटत नसावं. भय आहे ते बायकोच्या ‘म्हणजे?’ या प्रश्नाचं. (आव्हे निंकीने बोत्तोनीची बायको अशी ठसक्यात केलीय, की आपणही काही बोललो नसतो.) शिवाय काळ युद्धानंतरचा. घरात बापाच्या कमाईपेक्षा त्याचा मानच जास्त शिल्लक राहिलेला.

पोलीस आणि चोराचं हे सख्य सेन्सॉरला खुपलं होतं. पुढे १९५२ साली कान चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं, ते पिएरो तेल्लिनीच्या नावावर.

अखेर एकाच घरी जेवायला दोघे समोरासमोर येतात. घरच्यांना पत्ता नाही. बाजूला जाऊन सगळा उलगडा होतो आणि चोर स्वतःहून तुरुंगात जायला तयार होतो. घरी सांगायचं काय? कामानिमित्त बाहेरगावी चाललोय. आता अटक करायची वेळ येते, तर जमादाराचाच पाय निघेना. मग एस्पोझितोच त्याला ओढत तुरुंगाकडे नेतो.