तळघरातली ओल: पाणी येतं कुठून, हे आधी शोधलं

सोलापुरात घराला ओल आहे म्हटलं की लोकांना खरं वाटत नाही. उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जाणारं आमचं गाव! पण उत्तर कसब्यातल्या आमच्या जुन्या दगडी घराच्या तळघरात ज्वारीच्या पोत्यांना बुडाकडून बुरशी धरायची, भिंतींना गुडघाभर उंचीपर्यंत पांढऱ्या क्षारांचा लोणा फुटायचा आणि कुबट वास वर माजघरापर्यंत यायचा.

एक ठेकेदार म्हणाले, "वहिनी, आतून वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा मारून टाकू." मला ते पटेना. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते तशी बाहेर सोडतेही. तिला सिमेंटनं कोंडलं, तर तीच ओल आणखी वर चढते.

म्हणून आधी परीक्षा केली. जाड प्लॅस्टिकचा दीड फुटाचा चौकोनी तुकडा तळघरातल्या शहाबादी फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. दुसऱ्या दिवशी थेंब वरच्या बाजूला दिसले असते, तर हवेतली वाफ गार फरशीवर जमतेय असं समजायचं. आमच्याकडे वरची बाजू कोरडी आणि खालची ओलीचिंब. म्हणजे पाणी जमिनीतून येत होतं.

पावसाचं असेल म्हणावं, तर हे जानेवारीतलं, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतलं. पाऊस थांबून महिने उलटले होते. मग संशय गेला हौदावर. चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाला पाणी, त्यामुळे इथं घरोघरी जमिनीत हौद असतो. आमचा तर तळघराच्या भिंतीला लागूनच! पाणी आल्यावर तो भरून घेतला, पेन्सिलनं पातळीची रेघ मारली आणि रात्रभर थेंबही उपसला नाही. सकाळी पाणी रेघेच्या चांगलं बोटभर खाली. झाकण बंद, त्यामुळे बाष्पीभवनाचा प्रश्नच नव्हता. पाणी मोजूनमापून वापरणाऱ्या गावात ते असं जमिनीत मुरतंय, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

हौद रिकामा केल्यावर तळाच्या कोपऱ्यात चीर सापडली. गवंडीमामांनी ती खरवडून भरली, कोपरे गोल केले, आतून नवा गिलावा केला. मग पुन्हा भरून रेघ मारली. ती हलली नाही, तेव्हाच पुढच्या कामाला हात घातला.

बाहेर जोत्यालगत काळी माती होती. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्याच्या सुरुवातीच्या जोराच्या सरी त्या भेगांतून थेट पायाशी जातात. तिथली माती काढून मुरूम ठोकला, वर बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी घातली, पन्हळीचा पाइप गटारापर्यंत नेला. तळघरातला जुना सिमेंटचा पट्टा काढून चुन्याचा गिलावा केला.

झरोके मात्र सरसकट उघडे ठेवत नाही. पावसाळी दमट हवा आत आली की गार दगडावर तिचंच पाणी होतं. बाहेर कोरडं असेल तेव्हाच उघडते.

लोणा अजून थोडा येतो. जाड दगडी भिंत सुकायला महिनेच्या महिने लागतात. तो कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत भरून बाहेर टाकते. पाण्यानं धुतला तर क्षार पुन्हा भिंतीतच मुरतात. पोती सध्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवली आहेत.