परभणीची एम.एस्सी. आणि नांदेडची डॉक्टर लेन: माझा अनुभव

कॉलेजच्या ज्युनियर मुलींचे फोन येतात. प्रश्न बहुतेक एकच: "ताई, एम.एस्सी. होत आली, आता आहारतज्ज्ञाच्या नोकरीसाठी अर्ज कुठं करायचा?" फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगते ते एकदा नीट लिहून काढते.

मी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची. होमसायन्सला, म्हणजे आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात, अन्नशास्त्र व पोषण घेऊन एम.एस्सी. केली. शिक्षण पक्कं होतं. लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण याच विद्यापीठातून 2018 साली आला. त्याच्या भाकरीपासून धपाट्यापर्यंत सगळं आम्ही करून पाहिलं होतं. पण अतिदक्षता विभागातल्या माणसाला राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, एका वेळी किती मिली फीड द्यायचं, ते कधी वाढवायचं आणि कधी थांबवायचं, हे वॉर्डात उभं राहिल्याशिवाय येत नाही. म्हणून पहिला सल्ला इंटर्नशिपचा. इंडियन डायटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डाएटिशियनची, म्हणजे आर.डी.ची परीक्षा द्यायची तर रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. आपण निवडलेलं हॉस्पिटल त्यांच्या नियमात बसतं का, हे रुजू व्हायच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात केली. विद्यावेतन नव्हतं. सोयाबीनचे पैसे आले की दादा खोलीचं भाडं पाठवायचे. सेलूजवळच्या आमच्या गावात कुणी विचारलं, "पोरगी काय शिकतीय?" तर आई सांगायची, "दवाखान्यात जेवणाचं बघती." ते खरंच होतं. सकाळी राउंड, मग किचनमध्ये ट्रॉली निघायच्या आधी प्रत्येक ताटाची चिठ्ठी तपासायची, दुपारी नवीन भरती झालेल्यांचं स्क्रीनिंग. तिथल्या सीनियर डाएटिशियन मॅडमनी एक शिस्त लावली: आधी केस शीट वाचायची, रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम, अल्ब्युमिन बघायचं, मग पेशंटजवळ बसून काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं ते विचारायचं, आणि त्यानंतरच कागदाला पेन लावायचं. आजही मी याच क्रमानं जाते.

इंटर्नशिप संपली आणि शोध सुरू झाला. नोकरीच्या संकेतस्थळांवर 'डाएटिशियन' टाकलं की सगळ्यात आधी दिसतात त्या वजन कमी करून देणाऱ्या कंपन्यांच्या घरबसल्या नोकऱ्या. एकीच्या मुलाखतीत अर्धा वेळ महिन्याला पावडरचे किती डबे विकायचे यावरच गेला. मी नाही म्हटलं. पैशाची नड असेल तर कुणाला घ्यावीही लागेल, त्यात कमीपणा नाही; पण पुढं क्लिनिकल कामाला जायचं असेल तर हा अनुभव तिथं मोजत नाहीत, एवढं माहीत असू द्या.

मग पोषण पुनर्वसन केंद्राची जाहिरात निघाली. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली ही पदं कंत्राटी असतात, नेमणूक 11 महिन्यांची. मुलाखतीत फिरवून-फिरवून एकच विषय होता, तीव्र कुपोषित बालक. दंडाचा घेर 115 मिलिमीटरच्या खाली म्हणजे काय, भूक चाचणी कशी घेतात, एफ-75 या सुरुवातीच्या दुधावरून एफ-100 या पुढच्या, जास्त ताकदीच्या दुधावर कधी न्यायचं, आणि पहिल्या दिवसापासून भरपूर का खाऊ घालत नाहीत. शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडतात. अशा लेकराचं शरीर एकदम आलेलं अन्न पेलू शकत नाही, त्यानं जीव जाऊ शकतो; म्हणून आधी कमी प्रथिनांचं, 100 मिलीत 75 कॅलरीचं दूध थोडं-थोडं देतात आणि लेकरू सावरलं की वाढवतात. उत्तरं चांगली गेली, तरी माझं नाव प्रतीक्षा यादीत राहिलं. अनुभवाचे गुण दुसरीकडे जास्त होते. हे काम मला मनापासून हवं होतं, म्हणून वाईट वाटलं. सरकारी बाजूला जायचं असेल तर अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेची जिल्हा परिषदेतली भरती, लोकसेवा आयोगामार्फत बाल विकास प्रकल्प अधिकारी आणि शिकवायचं असेल तर गृहविज्ञानातली नेट परीक्षा, या वाटा आहेत. पण जाहिरात कधी निघेल ते आपल्या हातात नसतं. त्या वाटेवर असताना वॉर्डातला हात सुटू देऊ नका.

यादी लागली त्याच आठवड्यात मी फाइल घेऊन नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये, म्हणजे दवाखान्यांच्या गल्लीत, गेले. जाहिरात नव्हती, ओळख नव्हती. रिसेप्शनवर बायोडाटा ठेवून घ्यायचे, फोन कुणाचा यायचा नाही. मग बायोडाट्यासोबत एक पान जोडायला लागले. मधुमेह तज्ज्ञ असतील तर मधुमेहाचं, किडनीचे डॉक्टर असतील तर डायलिसिसचं. त्यात छापील इंग्रजी चार्टमधले ओट्स आणि ब्रोकोली नव्हती. भाकरी किती, वरण केवढी वाटी, अंबाडीची भाजी, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी, येसर, यातलं काय चालेल आणि किती, हे साध्या मराठीत. एका किडनीच्या डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि म्हणाले, "उद्या डायलिसिस युनिटला या. पेशंटशी बोला, मी ऐकतो."

दुसऱ्या दिवशी कंधारकडचे एक आजोबा मशीनला लावलेले होते. मला बघून म्हणाले, "आता भाकर बी बंद का बाई?" त्यांना डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी करायला सांगितलं होतं, ते अजून तसंच चाललं होतं. वरण नाही, अंडं नाही, अंग वाळत चाललेलं. डायलिसिसच्या आधी किलोमागे 0.6 ते 0.8 ग्रॅमपर्यंत आणलेली प्रथिनं मशीन सुरू झालं की 1 ते 1.2 ग्रॅमपर्यंत न्यावी लागतात, कारण मशीनमधूनही ती जातात. आजोबांना आणि सुनेला समजावलं: भाकरी सुरू, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग सुरू, भाजी चिरून कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं, नारळपाणी नको, आणि चहा, कढी, पातळ कालवण हे सगळं पाण्याच्या हिशेबात धरायचं. सून वहीत लिहून घेत होती. डॉक्टर पडद्यापलीकडून ऐकत होते. आठवड्यातून तीन दिवस, पेशंटमागे फी, असं ठरलं.

तिथूनच पुढचं सुटलं. ज्या हॉस्पिटलांना एनएबीएच, म्हणजे रुग्णालयाच्या दर्जाचं, मानांकन घ्यायचं असतं त्यांना पोषण तपासणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात, तेव्हा त्यांना डाएटिशियन हवीच असते. डॉक्टर लेनमधलं असं एक हॉस्पिटल तयारीला लागल्याचं डायलिसिसच्या तंत्रज्ञाकडून कळलं. तिथं माझी पूर्णवेळ नोकरी आहे. कुठलं हॉस्पिटल या तयारीत आहे हे नर्सेस आणि औषध दुकानदार जाहिरातीच्या आधी सांगतात, त्यांच्याशी बोलत राहा.

पगार ठरवताना नेमणूकपत्र मागायला लाजू नका. अर्धवेळ काम असलं तरी मागा, सोडताना अनुभव प्रमाणपत्र घ्या, त्यावर तारखा आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या. सरकारी मुलाखतीत गुण त्यावरच मिळतात. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञही आहेत, त्यामुळे इंटर्नशिपचे कागद पुढं नोंदणीलाही उपयोगी पडतील. मूळ प्रती घरी, फाइलमध्ये छायाप्रती. आणि फाइलमध्ये सगळ्यात वर ते एक पान ठेवा, ज्या डॉक्टरांकडे जाणार त्यांच्या पेशंटसाठी लिहिलेलं.